कोर्टात वाचता येईल इतकंच

बाईंना काही खासगी बोलायचं असलं की त्या मला आर्वीच्या एस.टी. डेपोत घेऊन जायच्या. शाळा सुटली की छत्री काखेत मारून त्या पुढं, मी मागं. वर्धेची गाडी लागलेली असायची, ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलेलं, कंडक्टर पुलगाव-वर्धा ओरडत असायचा. त्या गाडीच्या मागं, जिथं धूर सरळ तोंडावर येतो, तिथं बाई थांबायच्या. डावीउजवीकडं बघायच्या आणि माझ्या कानाशी वाकून म्हणायच्या, "उद्या डब्यात भरली वांगी आणून राह्यली. तू पोळ्या जास्तीच्या आणजो."

एवढंच.

"बाई, हे स्टाफरूममध्ये नसतं का सांगता आलं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आलं असतं," त्या म्हणाल्या. "पण लपून बोलायची थोडी सवय राह्यली पाह्यजे ना वं. नाईतर खरंच काई बोलायचं असलं त्या दिवशी तोंड कसं उघडन?"

तो दिवस कधी आला नाही. आम्ही मात्र वर्षानुवर्षं डेपोत जाऊन वांगी, मेथी, पेपर तपासणी आणि मुख्याध्यापकांची सर्दी यांबद्दल कुजबुजत राहिलो.

आमची शाळा मुलींची. मी मराठी शिकवायची, बाई भूगोल. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. मुली पाठीमागं त्यांना 'डब्याच्या बाई' म्हणत, कारण त्यांचा मोबाइल कायम डब्यात असायचा. घरी तांदळाच्या डब्यात खोल खुपसलेला, शाळेत पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात रुमालात गुंडाळलेला. तो वाजला तरी टेबलाच्या खालून कुठून तरी लांबून रडल्यासारखा आवाज यायचा. बाई डबा उघडायच्या, नाव बघायच्या आणि बहुतेक वेळा परत झाकण लावायच्या.

"बंद केला तरी ऐकते तो," त्या म्हणायच्या.

आम्ही हसायचो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

बोलताना मध्येच थांबून स्वतःलाच विचारायची त्यांची एक पद्धत होती. "हे कोर्टात वाचलं तं कसं वाटन?" शिपाईबाईंनी चहा फिका केला, बाई म्हणणार, "काय हा चहा..." आणि लगेच डोळे मिटून मनात काहीतरी तपासणार. मग म्हणणार, "चहा आहे." कुणाची तक्रार नाही, कुणाचं कौतुक नाही. एकदा मी नवी साडी नेसून गेले. बाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, चेहरा उजळला, ओठ उघडले, आणि त्या म्हणाल्या, "निळी आहे."

एका वर्षी मी आठवीला निबंध दिला, 'माझे घर'. संध्याकाळी बाई माझ्या वर्गात आल्या. गठ्ठ्यातला वरचा कागद त्यांनी उचलला नाही, नुसतं बोट ठेवलं.

"हे काऊन दिलं तू?"

"अभ्यासक्रमात आहे, बाई."

"अभ्यासक्रमात नदीबी आहे, पर्वतबी आहे. पोरी खरं लिहितात गं. बाप काय बोलते, आई कधी रडते, सारं लिहितात. तुले वाटते तू दहातले सात देऊन मोकळी झाली. कागद कुठं जाते मंग?"

त्यांचा आवाज चढला होता, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून तो चढलेला मी क्वचितच ऐकला होता. मी निबंध न तपासता परत केले आणि मुलींना 'पावसाळी सहल' लिहायला सांगितलं. मुख्याध्यापकांनी विचारलं तर बाईच पुढं होऊन म्हणाल्या, "मी सांगितलं. भूगोलाशी संबंधित विषय पाह्यजे होता."

पण त्या आधीपासून अशा नव्हत्या.

त्या आर्वीला आल्या तेव्हा त्यांचं सामान टेम्पोतून उतरवताना मी पाहिलंय. आर्वी त्यांचं माहेर. आईवडील गेलेले, भावानं घराच्या मागच्या दोन खोल्या दिलेल्या. टेम्पोच्या पुढच्या सीटवर हातात प्लास्टिकची बाहुली धरून बसलेली सोनू, त्यांची मुलगी, पहिलीतली. बाई टेम्पोवाल्याशी, भावजयीशी, माझ्याशी, समोरच्या दुकानदाराशी, सगळ्यांशी एकाच वेळी बोलत होत्या. दोन महिन्यांत पूर्ण गावाला माहीत झालं होतं की बाईंना कारल्याची भाजी आवडत नाही, सोनूला झोपेत बोलायची सवय आहे आणि नवरा नागपूरला कम्प्युटरचे क्लास चालवतो.

नवऱ्याबद्दल त्या मला म्हणाल्या होत्या, "मारत नव्हता तो. ओरडत बी नव्हता. नुसता विचारे. कुठं गेलती, कोण भेटलं, काय म्हटलं त्यानं. सांगितलं की चूप बसे. आणि दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारे, पह्यल्या उत्तराशी जुळते का पाहाले. मी आपल्याच घरात तोंडी परीक्षा देऊन राह्यलती."

त्या परीक्षेतून उठून त्या आल्या होत्या. घटस्फोटाची आणि सोनूच्या ताब्याची केस वर्धेच्या कोर्टात लागली होती. बाईंना त्याची फार धास्ती वाटत नव्हती. लेकरू लहान आहे, आईजवळ आहे, आईला नोकरी आहे, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलेलं.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघी डेपोजवळच्या इंटरनेटच्या दुकानात जायचो. बाईंची धाकटी बहीण बडोद्याला दिलेली होती. तिला बाई ई-मेल लिहीत. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं. लिहिता लिहिता मला वाचून दाखवत, मध्येच खोखो हसत, आणि शेजारच्या खणातली पोरं पडदा सारून बघत. तो ई-मेल फार पूर्वी नवऱ्यानंच उघडून दिलेला होता, कम्प्युटर नवे नवे आले तेव्हा, कौतुकानं. पासवर्ड सोनूचं नाव.

"मॅडम, पासवर्ड बदलून टाका ना एकदा," दुकानवाला म्हणाला होता. "सोपा आहे एकदम."

"तिथं काय सोनं ठेवलं आहे बाप्पा!" बाई म्हणाल्या. "आणि नवा ठेवला तं मलेच याद राहाचा नाई."

त्या हिवाळ्यात सोनूला टायफॉइड झाला. बाई शाळा करून, औषधं करून, रात्र रात्र जागून अर्ध्या झाल्या. ताप उतरायला लागला तशी पोरगी चिडचिडी झाली, काही खाईना. त्या शनिवारी बाई एकट्याच दुकानात गेल्या आणि बहिणीला त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते मला सोमवारी त्यांनीच सांगितलं, पोरीचा ताप पूर्ण उतरल्याच्या आनंदात. ते आधी मी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि नंतर कोर्टात ऐकलं. शब्द तेच होते. पण ते एकच आहेत असं मला अजूनही म्हणवत नाही.

वर्धेच्या तारखेला मी त्यांच्यासोबत गेले होते. सोबत म्हणूनच, चहा प्यायला कुणीतरी हवं म्हणून. नवऱ्याच्या वकिलांनी एक कागद काढला आणि वाचायला लागले. इंग्रजी अक्षरांतलं मराठी त्यांना जमेना. 'कधी कधी' ला ते 'कढी कढी' म्हणाले. मागं कुणीतरी हसलं.

"कढी कढी वट्टा, ही पोर..."

"वाटतं," बाई म्हणाल्या. "कधी कधी वाटतं. वाटतं आहे ते."

वर्गात मुलीनं चुकीचं वाचलं की जसं त्या सहज दुरुस्त करत, तसंच. त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. त्या कागदाची प्रत त्यांना आधीच मिळाली होती, आणि हे मेल माझे नाहीत असं म्हणायचं, असं त्यांनी बाईंना तासभर समजावलं होतं.

मग ते वाचलं गेलं. कधी कधी वाटतं, ही पोर झालीच नसती तर मी सुटले असते. आज तिला मारलं. तोंडातला घास थुंकला म्हणून मारलं. माझ्यात आईसारखं काही उरलंच नाही.

तिथं कागद संपला.

"पुढं आहे," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "त्याच्यापुढं आहे अजून. पुढचं वाचा ना."

"आमच्याकडं एवढंच आहे," वकील म्हणाले.

पुढचं मला माहीत होतं. मारल्यावर सोनू रडली नव्हती. तिनं उठून बाईंच्या गालावर हात ठेवला होता आणि म्हणाली होती, आई, तुलाच ताप आलाय. आणि मग दोघी एका ताटात वरणभात जेवल्या होत्या, पोरगी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली होती. बाईंनी हे त्याच मेलमध्ये पुढं लिहिलं होतं. ते तिथं बोलून सांगायला त्यांना पुन्हा उभं केलं तेव्हा त्यांनी 'पुढं आहे' एवढंच पुन्हा म्हटलं. कागदावरचं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि आता त्या जे सांगतील ते सारवासारव वाटणार होतं, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं असावं.

बाहेर चहाच्या टपरीशी नवरा आमच्याजवळ आला. स्वच्छ इस्तरीचा शर्ट, बारीक आवाज. माझ्याकडं बघून त्यानं नमस्कारसुद्धा केला.

"पुढचं आहे माझ्याकडे," तो बाईंना म्हणाला. "सगळंच आहे. धाकटीची उत्तरं पण आहेत. मी ती दिलेली नाहीत अजून. द्यायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"तिच्या गोळ्या चालू आहेत ना?" त्यानं विचारलं. "बंद नको करू म्हणावं. फिट पुन्हा आली तर त्रास होईल. तिच्या सासरी अजून कुणाला माहीत नाही ना? मी हे सगळं काळजीपोटीच वाचतो, तुला पटो न पटो."

एवढं बोलून त्यानं आमच्या दोघींच्या चहाचे पैसे दिले आणि गेला.

धाकटीला लहानपणापासून फिट यायची. लग्न जमवताना घरच्यांनी ते लपवलं होतं. ती बडोद्याला मसाल्याच्या डब्यात गोळ्या लपवून खात होती, आणि हे तिनं जगात एकाच माणसाला लिहिलं होतं.

परतीच्या गाडीत बाई खिडकीकडं तोंड करून बसल्या. मी म्हटलं, "बाई, त्यानं चोरून वाचलंय. हेच सांगू ना आपण कोर्टात. वकील म्हणालेच, हे मेल आले कुठून ते विचारू."

"विचारू," त्या म्हणाल्या. "त्यानं चोरून वाचलं हे खरं होईन. पण वाचलेलं परत न वाचलेलं थोडीच होते?"

पुढच्या तारखेला बाईंनी समझोता केला. सोनू वडिलांकडं, नागपूरला. दिवाळीत आणि उन्हाळ्यात भेट, रविवारी फोन. त्यांच्या वकिलांनी हात जोडून विचारलं, "बाई, काऊन करून राह्यल्या असं? लढण्यासारखी केस आहे." बाईंनी कारण सांगितलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर ते कुठंतरी लिहिलं गेलं असतं, अशी त्यांची भीती.

सोनूला न्यायला तो स्वतः गाडी घेऊन आला. पोरगी सुट्टीला चालल्यासारखी खुशीत होती. बाईंनी तिच्या वेण्या घातल्या, एक सैल झाली म्हणून पुन्हा सोडून पुन्हा घातली, मग दुसरीही सोडली. तो बाहेर उभा राहून वाट बघत होता. त्यानं घाई केली नाही, एकदाही हॉर्न वाजवला नाही. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. घाई केली असती तर बाईंना निदान भांडता तरी आलं असतं.

गावात बोललं गेलं की बाईंनी लेकरू देऊन टाकलं आणि मोकळ्या झाल्या. भावजय मागच्या खोल्यांकडं यायची बंद झाली. आणि धाकटी? भाच्याच्या मुंजीला ती आर्वीला आली होती. पंगतीत मीही होते. सगळ्यांसमोर ती बाईंना म्हणाली, "ताई, तुझ्या जागी मी असते ना, तर जीव दिला असता पण लेकरू दिलं नसतं."

बाईंनी तिच्या पानात अजून एक जिलबी वाढली.

"सांगून टाका ना तिला," मी नंतर म्हटलं. मला रडूच आवरत नव्हतं.

"कायनं सांगू? फोननं?" त्या म्हणाल्या. "आणि सांगितलं तं ती काय करन? जाऊन सासरी सारं कबूल करन. तशीच आहे ती. मंग मी सोनूले कायच्यासाठी पाठवलं?" आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "तू बी सांगजो नोको. कधीच नोको."

रविवारचे फोन मी ऐकलेत. आधी शेजारच्या एस.टी.डी. बूथवरून, मग मोबाइलवरून. नागपूरच्या घरी त्याच फोनचा दुसरा रिसीव्हर होता, नवऱ्याच्या आतल्या खोलीत. इकडं सोनू 'हॅलो' म्हणाली की पाठोपाठ बारीक खट्ट आवाज व्हायचा. तो आवाज झाला की बाईंचा चेहरा पाटी पुसल्यासारखा व्हायचा.

"जेवली?"

"हो."

"काय जेवली?"

"पोळी-भाजी. आई, आज शाळेत ना..."

"अभ्यास करजो. पाणी उकळून पेजो. ठेवते."

त्या डब्याचं झाकण लावायच्या आणि मग संबंध दुपार त्या फोनवर काय काय बोलायचं होतं याचा विचार करत बसायच्या. हे त्या मला सांगत नसत, पण हातातलं काम मध्येच थांबलेलं असायचं. वाटाणे सोलता सोलता सालं पातेल्यात आणि दाणे केरात.

पोरीला काय कळणार? तिला आई अशीच वाटत गेली. दिवाळीला यायची ती हळूहळू दोन दिवसांसाठी यायला लागली, मग एका दिवसासाठी, मग परीक्षा आहे, क्लास आहे. आली तरी आई तिच्याशी घरात बोलायची नाही, तिला डेपोत न्यायची. एवढ्या मोठ्या मुलीला गाडीच्या धुरात उभं करून आई कानात सांगते काय, तर तुझे केस छान वाढले. सोनू लाजून इकडंतिकडं बघायची.

दहावीची परीक्षा संपल्यावर ती अचानक आली. एकटीच, कुणाला न सांगता, कारंजावरून येणाऱ्या गाडीनं. एप्रिलची दुपार होती, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी बाईंकडं पेपर तपासत बसले होते. दारात पोरगी बघून बाई उठल्या, काही न विचारता त्यांनी पाणी दिलं आणि स्वयंपाकाला लागल्या. भात, वरण, बटाट्याची भाजी. मी निघाले तर सोनूच म्हणाली, "मावशी, तुम्ही थांबा ना."

ताट वाढलं. दोन घास खाऊन ती थांबली.

"आई, मला माहीत आहे तू मला काऊन दिलं."

बाई तव्यावरची पोळी उलटत होत्या.

"बाबांच्या कम्प्युटरवर सगळं आहे," सोनू म्हणाली. "तुझे सगळे मेल. बडोद्याच्या मावशीचे पण. बाबा क्लासला गेले की मी उघडते. दोन वर्षं झाली. ते टायफॉइडवालं पण वाचलं, पूर्ण वाचलं. मावशीच्या गोळ्यांचं पण. मग मला समजलं." तिचा आवाज फुटला. "आई, तू फोनवर बस जेवली का, पाणी पिली का करते. मला वाटायचं तुला मी नको आहे. पण तिथं तू किती बोलते! माझं झोपेतलं बोलणं लिहिलं आहेस, मी बाहुलीला काय म्हणायची ते लिहिलं आहेस. मला पाठ आहे काही काही. मला ती आई पाहिजे. तिच्यासाठी आले मी."

मी पेपरावर पेन ठेवलं. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. इतक्या वर्षांनी कुणीतरी पुढचं वाचलं होतं. तेही जिनं वाचायला हवं होतं तिनंच. आता बाई उठतील आणि पोरीला पोटाशी धरतील.

बाईंनी गॅस बंद केला. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, घट्ट, कपडे बदलत असताना कुणी दार लोटावं तसा.

"तू बी वाचलं?" त्या म्हणाल्या.

"आई, मला तुझी आठवण यायची म्हणून..."

"सारं वाचलं?"

"हो."

"मी कामून रडली, तेबी?"

"आई..."

"तुह्या बापाबद्दल लिहिलं ते? रात्रीचं लिहिलं ते?"

सोनू खाली बघायला लागली. तिनं तेही वाचलं होतं.

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. रागावल्या नव्हत्या. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पोरीकडं पाहिलं, आणि त्या नजरेत मला फक्त भीती दिसली, जशी टपरीशी नवऱ्याकडं बघताना दिसली होती.

"तिनं प्रेमानं वाचलंय, बाई," मी म्हटलं.

"मले समजते," त्या म्हणाल्या. "समजते ना मले. पण मी आता तिच्यासमोर कशी बसू?"

मग सोनूनं हात धुतला, वाकून आईच्या पायांना हात लावला. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ऊन हाये. डोकं बांधून जाजो."

मी तिला गाडीत बसवून दिलं. रस्ताभर तिनं तोंडाला रुमाल लावला होता. गाडी हलताना म्हणाली, "मावशी, मी सांगायला नको होतं का?" त्यानंतर मी आर्वीत होते तोवर ती आली नाही. पुढं माझी बदली आष्टीला झाली. तिथं ऐकलं की रविवारचा फोनही बंद झालाय, आणि तो बाईंनीच बंद केलाय.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. पोरीला सोडून मी परत आले. माझे पेपर तिथंच राहिले होते. दार लोटलेलं होतं. बाई जमिनीवर सोनूचं ताट पुढं घेऊन बसल्या होत्या. तिनं दोन घास खाऊन टाकलेलं, वरणावर साय धरली होती, पोळीचा तुकडा वाळून वर वळला होता. मी आत आलेलं त्यांना कळलं की नाही कोण जाणे. लेकरानं कालवलेला तो भात त्या बोटांनी गोळा करत होत्या आणि एकेक घास करून खात होत्या, ताट पुसून निघेपर्यंत.

मी पेपर न घेताच घरी आले.